आमच्याकडे ढग आहेत

२६ ऑक्टोबर

प्रिय घुबडास,

मामाचे आणि मामीचे अनेक आशीर्वाद. (आता पोर नर्स झाली, निदान पत्रात तरी घुबड म्हणू नका, असं मामीचं म्हणणं. मी म्हटलं, नोकरीला लागलं म्हणून घुबडाचा काही मोर होत नाही.) इकडे सगळं ठीक आहे. मामीचा गुडघा आणि माझं शिलाई मशीन, दोन्ही कुरकुरत का होईना, चालू आहेत. तुझ्या आईचा फोन आला होता. पोरीला झोपायला सांग, तुझं ऐकते, असं मला बजावलं. ते मी तुला सांगितलं असं समज.

तुझं पत्र पोचलं. मी हातात कापड घेऊन बसलो होतो, म्हणून मामीने मोठ्याने वाचून दाखवलं. फोनपेक्षा हे बरं. फोनवर तू "बोल मामा, पटकन" म्हणतेस, मागे वॉर्डातलं एखादं पोर गळा काढत असतं आणि मला सांगायचं असतं ते सगळं माझ्याच पोटात राहतं.

तर तू लिहिलं आहेस, "मामा, आता बास. दुर्बीण कपाटावर ठेवून देते. ड्यूटीवरून येते तेव्हा पाय माझे नसतात, आणि ज्या दिवशी पाय माझे असतात त्या दिवशी ढग असतात." मामी वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "बरोबरच आहे पोरीचं." मला आधी राग आला, मग हसू आलं आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही. नुसतं कापड चाचपत बसलो.

तू दमतेस यात मला तिळमात्र शंका नाही. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. मागच्या थंडीत तुझ्याकडे चार दिवस राहून गेलो ते आठवतं? दार उघडून तू आत आलीस ती अशी, की माझ्यासारख्या शिंप्याला वाटावं, झग्यात माणूस नाहीच, नुसता झगाच चालत आला. पिशवी ठेवलीस, तांब्याभर पाणी प्यायलीस आणि दुर्बीण काखेत मारून जिन्याकडे निघालीस. मी म्हटलं, अगं बूट तरी काढ. तर म्हणालीस, "बूट काढले की मी संपले, मामा. बूट वरून आल्यावर."

इतकी वर्षं मी आकाश बघतोय. तुला पहिला तारा मी दाखवला, या गोष्टीची फुशारकी मी न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांकडे मारलेली आहे. पण असली साधी युक्ती मला कधी सुचली नाही. मी आपला घरी येऊन ऐसपैस बसायचो, चहा घ्यायचो, आणि मग वर जायचं की नाही यावर स्वतःशीच वाद घालायचो. त्या वादात खुर्चीच जिंकायची. तू तो वाद होऊच देत नाहीस.

त्या संध्याकाळी आकाश कसं होतं तेही सांगतो, तू विसरली असशील. गोधडी पांघरल्यासारखं. घरमालकिणीच्या पाण्याच्या टाकीला टेकून तू उभी राहिलीस, मी बाजूला कुडकुडत. मी तीनदा म्हटलं चल खाली. तू म्हणालीस, "दहा मिनिटं. दहा मिनिटांत नाही फाटलं तर ढग जिंकले." आणि कुठेतरी एक फट पडली, त्या फटीतून कृत्तिकांचा तो झुबका निघाला, इवलासा, आणि तू "आल्या!" म्हणून एवढ्या जोरात ओरडलीस की खालच्या मजल्यावरचा दिवा लागला. दुर्बीण लावेपर्यंत फट बुजली. पण तुझं काम झालं होतं. खाली येऊन तू पलंगावर आडवी झालीस आणि एका पायातला बूट तसाच ठेवून झोपलीस. तो मी काढला. काढताना मनात आलं, ही माझ्यापेक्षा पुढे गेली. हे मी तुला कधी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू डोक्यावर बसली असतीस. आज लिहितो.

तेव्हा कपाटावर ठेवायची भाषा नको. फार झालं तर मोठी दुर्बीण कोपऱ्यात राहू दे आणि ती छोटी दोन डोळ्यांची गळ्यात अडकवून जा. पूर्ण मोकळ्या आकाशाची वाट बघू नकोस, तसं आकाश पुस्तकात असतं. अगदीच गच्च भरून आलं असेल त्या दिवशी नकाशा उघडून ठरवून ठेव, की फट पडली तर आधी कुणाला गाठायचं. आणि खरोखर डोळे मिटत असतील त्या दिवशी सरळ झोप. आकाश कुठे पळून जात नाही.

पण लबाड जातो ना पळून! तिमिंगल तारकासमूहाच्या मानेतला आपला तो लबाड तारा, जवळजवळ वर्षभर तोंड लपवून बसलेला, आता या दिवसांत पुन्हा उजळायला लागेल. धाकटा आणि थोरला, ज्यांच्याशी आपण त्याचं तेज ताडून बघतो ते त्याचे दोन शेजारी तारे, वाटच बघत असतील. आपला करार काय होता? एकाकडे ढग असतील तर दुसऱ्याने पाहिलेलं दोघांचं. शाळेत असताना तूच तो केलास आणि कापडावर खुणा करायच्या खडूने माझी सही घेतलीस.

तर कळवायचं ते हे, की आमच्याकडे ढग आहेत. अगदी दाट. कधी हटतील सांगता येत नाही. त्यामुळे यंदा लबाडाची सगळी भिस्त तुझ्यावर.

मामी हाका मारते आहे. धुतलेले पडदे तासाभरात खडखडीत वाळले म्हणते, उतरवायला चला. जातो.

बूट काढू नकोस.

तुझा
मामा

•

३० नोव्हेंबर

प्रिय घुबडास,

अनेक आशीर्वाद. अक्षर मोठं दिसेल. ड्यूटीने तुझे डोळे शिणलेले असतात, तुला वाचायला बरं पडावं म्हणून मुद्दाम मोठं काढतो आहे. ओळी वरखाली गेल्या असतील तर तो दोष टेबलाचा.

तुझं पत्र आलं आणि या घरात दिवसभर दुसरा विषय नाही. लबाड दिसला! अगं, काय सांगू तुला. मामीने ते वाक्य वाचलं आणि मी मशीन थांबवून म्हटलं, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. "धाकट्याच्या बरोबरीने, कदाचित केसभर जास्त, थोडा लालसर." मग बँडमास्तर पँटी न्यायला आले, त्यांनाही ऐकवलं. बिचारे म्हणाले, "अभिनंदन, मुलगा की मुलगी?"

तो कसा दिसला हे तू जे लिहिलं आहेस ना, ते मला दिसण्यापेक्षाही जास्त आवडलं. किती संध्याकाळी तू ढगांचं तोंड बघून परत आलीस! एकदा टाकीला टेकून उभ्या उभ्या डुलकी लागली. एकदा वर पोचलीस आणि लगेच थेंब पडायला लागले. वॉर्डात तापाची साथ, दोन वॉर्डांना मिळून एक नर्स, जेवायला उसंत नाही, आणि तरी बाई बुटांसकट गच्चीवर हजर. आणि ज्या दिवशी म्हणालीस, आज नुसतं डोकावून येते, मोठी दुर्बीणही न्यायची नाही, त्याच दिवशी ढगांनी दार उघडलं. गळ्यातल्या त्या छोट्या दुर्बिणीने तू त्याला पकडलंस. याला नशीब म्हणतील लोक. म्हणोत. नशीब आलं तेव्हा गच्चीवर कोण होतं ते मला ठाऊक आहे.

मी असतो तर? खरं सांगू, मी तिसऱ्याच दिवशी कंटाळलो असतो. मी तुला तारे दाखवले, पण हे असं चिकटून राहणं तू माझ्याकडून शिकलेली नाहीस. ते तुझ्या वॉर्डातून आलं असेल. तिथे तरी कुठे रोज निरभ्र असतं?

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. तू विचारलंस, वर्तमानपत्रात तुमच्याकडे महिनाभर स्वच्छ ऊन लिहिलंय, मग मामाचे ढग कुठले? घुबडा, हवामानवाल्यांचं काय ऐकतेस. ते अख्ख्या मुलखाचं सांगतात. आमचा ढग लहान आहे, घरापुरता. संध्याकाळ झाली की बरोबर आमच्याच गच्चीवर येऊन बसतो. शेजाऱ्यांकडे जात नाही. त्याला बहुतेक मामीच्या हातचा चहा आवडतो.

बाकी दुकानाचं म्हणशील तर एक गंमत झाली. बँडवाल्यांच्या नव्या पोशाखाचं काम आलं आहे. काळी पँट आणि कडेने वरपासून खालपर्यंत पांढरी पट्टी. असल्या पट्ट्या मी झोपेत शिवू शकतो. पहिली पँट शिवली, हातभर लांब धरून बघितली, तर पट्टी मधेच वाकडी. पाण्यात धरलेल्या काठीसारखी. उसवली. पुन्हा शिवली, पुन्हा वाकडी, नेमकी मधेच. म्हटलं बल्ब खराब झाला. बल्ब बदलला. मग चष्मा पुसला, मशीनला तेल पाजलं, कापडवाल्याला शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा उसवायला ब्लेड घेतलं तेव्हा मामीने हातातून पँट ओढून घेतली, लाकडी पट्टी आणून शिवणीच्या कडेला लावून धरली. पँट न्यायला आलेले बँडमास्तर म्हणाले, "मास्तर, सूत सरळ आहे की!" मीही म्हटलं, "बघा मास्तर, तुमच्यासाठी किती काळजी घेतो." आम्ही एकमेकांना मास्तर म्हणतो. ते हसत हसत पँट घेऊन गेले.

मामी मात्र हसली नाही. तिला विनोद उशिरा कळतात.

एक काम कर. पुढच्या वेळी लबाड दिसला की नुसतं "लालसर" लिहून मला फसवू नकोस. लाल म्हणजे कुठला लाल? विटकरी, की कुंकवाचा, की धुऊन धुऊन उडालेल्या शर्टाचा? धाकट्याच्या कुठल्या अंगाला होता? बाजूला आणखी कोण कोण होतं? थरथरत होता की स्थिर होता? भरपूर लिही. पानं भरून लिही. तू थकलेली असतेस हे मला कळतं, तरी मागतो. दर वेळी दोन ओळी जास्त लिही.

अजून एक सांगायचं होतं. पण ते राहू दे, इतकं काही महत्त्वाचं नाही.

आमच्याकडे अजून ढग आहेत.

तुझा
मामा

•

१७ जानेवारी

प्रिय घुबडास,

अनेक आशीर्वाद. हे अक्षर मामीचं आहे ते तू ओळखलंच असशील. मी सांगतो आहे आणि ती लिहिते आहे. वर "घुबडास" लिहायला सांगितलं, तिने काय लिहिलं देव जाणे. (घुबडासच लिहिलं आहे. मी. मामी.)

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्यात लबाडाचा रंग तू "तव्याखालचा विस्तव राखेतून दिसतो तसा" लिहिला आहेस. घुबडा, मी तारा बघताना कधी इतकं नीट बघितलं नव्हतं. आणि आता थोरल्यालाही मागे टाकलंन म्हणे त्याने! दुर्बिणीशिवाय दिसतो! शाबास. त्याला नाही, तुला.

दुसऱ्या पत्राच्या शेवटी मात्र तू लिहिलंस, "रजा मिळाली आहे. येत्या महिन्यात येते. मामाचा तो घरगुती ढग मला एकदा बघायचाच आहे." ते ऐकल्यावर मी दोन दिवस मामीवर चिडचिड केली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही सांगता की मी सांगू?" म्हणून सांगतो. तू येऊन बघण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं.

ढग नाहीत. ऑक्टोबरपासून आमच्याकडे आकाश धुतल्यासारखं आहे. मला मधलं दिसत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. एकाचा बराच, दुसऱ्याचा त्याच्या मागोमाग. मोतीबिंदू असता तर ऑपरेशन करून मोकळा झालो असतो. हे तसं नाही. थोपवायला बघू म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही. कडेकडेचं दिसतं. म्हणजे मामीकडे बघितलं तर तिचे कान दिसतात, खांदे दिसतात, मागचं कॅलेंडर दिसतं आणि चेहऱ्याच्या जागी एक राखाडी ठिगळ. सरळ शिवण मधेच वाकते. आणि तारा, ज्याच्याकडे बघावं तोच नेमका पुसला जातो.

तुला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू रजा टाकून धावत आली असतीस, हे एक. पण खरं कारण ते नाही. तू दुर्बीण कपाटावर ठेवायला निघाली होतीस. मला वाटलं, तिला कळलं की मामाचं संपलं, तर ती ठेवूनच देईल. मग तुझ्याकडचंही आकाश गेलं आणि माझ्याकडचंही. उलट ढग आहेत म्हटलं तर करार लागू होतो. तू पाहिलेलं दोघांचं. म्हणून मी ढग म्हणालो. आणि स्वतःशीही तोच शब्द वापरायला बरं वाटत होतं, कारण ढग जातात.

मला फार भीती वाटली, घुबडा. दुकानाची नाही. बोटांना माप कळतं, शिवण आता मामी घालते आणि माझ्यापेक्षा सरळ घालते. (हे त्यांनी तीनदा सांगितलं तेव्हा मी लिहिलं.) भीती ही, की आता वर बघायचं ते कशाला. त्या महिन्यांत मी गच्चीवर पाऊलच ठेवलं नाही. दुर्बीण कापडाखाली झाकून टाकली.

मग गेल्या आठवड्यात मामीने मला वर ओढून नेलं. तुझं विस्तवाचं पत्र आल्यापासून तिच्या डोक्यात घुसलं होतं, की आपणही एकदा त्या नळीत बघावं. इतक्या वर्षांत मी तिला हात लावू दिला नव्हता. काचेला बोटं लागतील म्हणायचो. मी तोंडाने सांगत गेलो, तो मोठा चौकोन शोध, त्याच्या कोपऱ्यापासून दोन तारे पुढे, मग वळ आणि वर जा. बाईने बरोबर नेऊन लावली. डोळा लावला आणि म्हणाली, "इथे काहीच नाही. काच पुसायची राहिलीय, धुरकट डाग आहे."

मी ओरडलो, अगं तोच! तोच डाग! देवयानी! अब्जावधी ताऱ्यांचं गाव आहे ते, आणि तू फडक्याने पुसायला निघालीस! तिला बाजूला सारून मी डोळा लावला. तिथे माझं नेहमीचं ठिगळ. काळं भोक. दुसरं काय असणार. तेवढ्यात ती म्हणते, "बघा, मी म्हटलं नव्हतं, काही नाही म्हणून." मला असा संताप आला, की डोळा नळीवरून न काढताच मी तिच्याकडे डोळे वटारायला नजर कडेला नेली.

आणि दिसली.

घुबडा, दिसली. लांबट, मऊ, पांढुरकी, कडेकडेला विरत गेलेली. परत तिच्याकडे सरळ बघितलं, गेली. नजर बाजूला केली, आली. अंधुक गोष्टीकडे रोखून बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं, अंधारात डोळ्याची कडच जास्त जाणते, हे माझ्याकडे आकाश बघायला येणाऱ्या नव्या पोरांना शिकवून शिकवून माझं तोंड दुखलं आहे. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मी तीन महिने ठिगळाकडेच रोखून बघत बसलो. असला गाढव शिंपी दुसरा नसेल. मी रडलो असं मामी म्हणते. दव पडत होतं.

तेव्हा सगळं गेलेलं नाही. अंधुक, पसरट, धुरकट असं जे काही आकाशात आहे ते अजून माझं आहे. पण लबाड गेला. दोन ठिपक्यांची शेजारी शेजारी तुलना करणं आता माझ्याच्याने होणार नाही. तो तुझा. मी म्हणतो म्हणून नाही, तू तो कमावलास म्हणून. थकून, भिजून, डुलक्या घेत, बुटांत पाय आंबवून. मी निवांत माणूस होतो, स्वच्छ आकाशाखाली बसून बघायचो. तू ढगांखाली उभी राहून बघितलंस. मी तुझा मामा आहे, गुरू वगैरे म्हणवून घ्यायचो, पण आता कुणी विचारलं तर मी सांगणार आहे की मी तुझ्याकडून शिकतो.

रजेत जरूर ये. माझ्यासाठी म्हणून नको, देवयानीसाठी ये. आणि माझ्याकडे बघून डोळ्यांत पाणी आणायचं नाही. मला कडेने सगळं दिसतं.

तुझा
मामा

•

राणी,

हे आता माझं. ह्यांनी पाकीट चिकटवायला दिलं आणि दुकानात गेले. वरचं सगळं सांगितलं तसं लिहिलं. दोन-तीनदा तोंड घातलं ते तू वाचलंसच. पण एका ठिकाणी मी मुद्दाम गप्प बसले. ते तुला सांगते, आणि ह्यांना वाचून दाखवणार नाही.

गच्चीवर पाऊल ठेवलं नाही हे खोटं आहे. रोज जात होते. दुकान बंद केलं की हातपाय धुऊन सरळ वर. जिन्यात चाचपत, भिंतीला हात लावत. दुर्बीण बाहेर काढायची, वरचं कापड काढून नीट घडी घालायची, आणि शेजारी खुर्ची टाकून बसायचं. डोळा मात्र लावायचे नाहीत. मी कितीदा म्हटलं, बघा तरी. तर म्हणायचे, नको, न बघितलेलं बरं. आणि तोंड कुठे, तर तुझ्या गावाच्या दिशेला.

पहिल्यांदा मला वाटलं डोळ्यांबरोबर डोकंही चाललं. एकदा चिडून विचारलं, काय करता इथे थंडीत बसून? म्हणाले, "तिची ड्यूटी आत्ता सुटली असेल. जिना चढत असेल."

तेव्हापासून मीही पाटावर बसायला लागले शेजारी. मला तारे कळत नाहीत. पण माणूस कळतो. इतकं स्वच्छ आकाश डोक्यावर, स्वतःला त्यातलं काही दिसत नाही, आणि हा माणूस परक्या गावचे ढग हटावेत म्हणून बसलेला. आमचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ह्यांच्यावर मी पुष्कळ रागावले आहे. पण इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

तू विस्तवासारखा रंग लिहिलास ते पत्र मी वर नेऊनच वाचलं. वाचून होईपर्यंत हलले नाहीत. मग उठून दुर्बीण हाताने फिरवली, अंदाजाने, त्या तुमच्या ताऱ्याकडे, आणि नळीवर हात ठेवून उभे राहिले. तेव्हा मी ठरवलं की आता मलाच डोळा लावायला शिकलं पाहिजे.

तू फार दमतेस, बाळा. तुझ्या आईसारखीच मीही म्हणेन की झोपत जा, नीट जेवत जा. पण एक आहे. दिवेलागणीनंतर हे मला रोज एकदा विचारतात, "गेली असेल का गं वर?" तुझ्याकडे पाऊस असो, ढग असोत, तुझा पाय दुखत असो, मला काय ठाऊक असतं? मी रोज सांगते, "गेली."

मला खोटं पाडू नकोस.

तुझी
मामी